लाल की हिरवं

२ मार्च १९६४
आजपासून रोजनिशी. शिवाय संकल्प : यंदा मेहकरातला एक नंबरचा सेल्समन व्हायचं. उत्तमरावशेटांच्या दुकानात कापडाचा पोत माझ्याइतका कोणाला कळत नाही. डोळे मिटून हात लावला तरी सांगतो. फक्त रंगांवरून लोकांशी माझे मतभेद होतात. ते ज्याला लाल म्हणतात आणि ज्याला हिरवं म्हणतात, ते मला सारखंच दिसतं. दुकानात लाइट कमी आहे.

४ मार्च
एकाने डाळिंबी फेटा मागितला. दिला. म्हणाला, हा हिरवा आहे. म्हटलं, उन्हात जाऊन बघा. उन्हातही त्याला हिरवाच दिसला. काही कस्टमर हट्टी असतात.

६ मार्च, शुक्रवार
सुलतानपूरच्या केसरबाई आल्या. लेक पहिलटकरीण, डोहाळजेवणाला हिरवं लुगडं पाहिजे. माझा जोडीदार गुलाम रसूल याने बरीच लुगडी उलगडली. बाईंनी एक पसंत केलं आणि बांगड्या घ्यायला गेल्या. रसूलभाई नमाजाला निघाला. म्हणाला, "भाऊ, त्यातलं हिरवं बांधजा." एरवी मी त्याला विचारून घेतो, आपला मान द्यायचा म्हणून. आज स्वतःच्या नजरेवर बांधलं. बाईंची एस.टी. लागली होती, पुडकं उचलून पळाल्या. स्वतंत्र निर्णयाचा आनंद वेगळाच.

१० मार्च
केसरबाई परत आल्या. पुडक्यातून लाल निघालं. तेही सगळ्या बायका जमल्यावर. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "माह्या लेकीले शेजारणीचं जुनं लुगडं नेसा लागलं, शेट."
शेटनी विचारलं, कोणी बांधलं?
मी म्हटलं, रसूलभाईने.
तोंडातून कसं निघालं कळत नाही. रसूलभाईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चुकलं, शेट." शेट गिऱ्हाइकांदेखत त्याला वाट्टेल ते बोलले. तो मान खाली घालून घड्या घालत राहिला.
उद्या शेटना खरं सांगणे. नक्की.

११ मार्च
शेट गडबडीत. उद्या.

१२ मार्च
शेटची दाढ दुखते आहे. दुखणाऱ्या माणसाला त्रास देणं माझ्या स्वभावात नाही.

१४ मार्च
रसूलभाईने कपाट नव्याने लावलं. हिरवी लुगडी डाव्या हाताला, लाल उजव्या. विचारलं, हे काय? म्हणाला, "सापडाले सोपं जाते." माझ्या टापटिपीचा त्याच्यावर चांगला परिणाम होतो आहे.

१५ मार्च
वरचं वाक्य खोटं आहे. कपाट माझ्यासाठी लावलं आहे.

१६ मार्च
दुकान उघडण्याआधी रसूलभाईला गाठलं. रंगांचं तुला कधी कळलं, विचारलं. म्हणाला, "पयल्याच महिन्यात. तुमी हरेक येळी मलेच इचारता ना." मग त्या दिवशी शेटसमोर चूक आपल्या अंगावर काऊन घेतली? म्हणाला, "तुमची नौकरी गेली असती तर?" आणि झाडू घेऊन ओटा झाडायला लागला.
मी तसाच शेटकडे गेलो. सगळं सांगितलं. शेट रसूलभाईला आत बोलावून त्याच्याशी बोलले. मला म्हणाले, नोकरी राहील, रंग रसूलले इचारत जाय. पण केसरबाईच्या घरी तूच जायचं.

१७ मार्च
सुलतानपूर. हिरवं लुगडं घेऊन गेलो, रसूलभाईने काढून दिलेलं. एस.टी.त भाषण तयार केलं होतं : माझा दोष, माझं दुर्दैव, रसूलभाईचा मोठेपणा. दारात उभा राहिलो आणि एवढंच बोललो, "बाई, चूक माझी होती. मले लाल-हिरवं ओळखू येत नाही."
केसरबाईंनी लुगडं लेकीच्या हातात दिलं. मला पाणी दिलं. मग म्हणाल्या, "मंग तवाच सांगा लागत होतं ना, भाऊ. मीच उचलून देलं असतं."