खाडीपलीकडे जायला चौथा गडी

पिटनवीम, ९ एप्रिल

आदरणीय मेहुणे श्री. गॅविन रे यांस वॉल्टर केर्डचा सहा वर्षांनी नमस्कार.

तुमची पाठ कशी आहे? वाफ्यात लीकच्या कांद्याची रोपं लावलीत का? पर्थ आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर, पण तिकडे अजून थंडी असेल, तेव्हा लोकरीची बंडी अंगातून काढू नका, असा तुमच्या बहिणीचा, म्हणजे आमच्या एफीचा, निरोप आहे. (हे पत्र तिला ठाऊक नाही. निरोप नेहमीचाच, म्हणून धरून चाललो.) अक्षर मोठं काढलं आहे ते तुमच्या वयाचा मान राखून.

विषय असा की, येत्या जूनमध्ये आम्ही खाडीपलीकडे गोल्फ खेळायला जायचं ठरवलं आहे. मसलबरा, गलन, नॉर्थ बेरिक, सगळी जुनी, समुद्रकाठची मैदानं. तुम्ही म्हणाल, समोरचाच तर किनारा, आमच्या न्हाणीघराच्या खिडकीतून दिसतो (दिसतो, असं एफी म्हणते), त्यात ठरवायचं काय? पण अमेरिकेहून लोक येतात, खेळून परत जातात, तरी आमचा वार ठरत नाही. पाद्री टेंपलटन (निवृत्त झाले, पण देवाला अजून कळवलेलं नाही) रविवारी काठीला हात लावत नाहीत. डूगलचं मटणाचं दुकान, त्यामुळे तो शुक्रवारी-शनिवारी हलत नाही. मधले वार बरे, पण सोमवारी दुकान बंद असतं आणि तेवढ्याच दिवशी त्याची बायको त्याच्याशी निवांत बोलते, तो वार सोडायला तो तयार नव्हता. अखेर सोमवारचं बोलणं आदल्या रविवारी उरकायचं ठरलं आणि आम्ही सोमवार ते गुरुवार मोकळे झालो.

पुढची सगळी लिहालिही माझ्या गळ्यात पडली. मैदानाच्या अर्जात मी जूनऐवजी जानेवारीवर खूण केली. (हल्ली अर्ज मुंग्यांसाठी छापतात.) तिकडच्या चिटणिसांनी फार सभ्यपणे कळवलं की जानेवारीत हवी तेवढी जागा आहे. मग उतरायचं घर तरी स्वतः पाहावं म्हणून मी बसनं गलनला गेलो. मालकीण श्रीमती पर्व्हिस. दिवाणखान्यात त्यांच्या वृद्ध आई खुर्चीत बसल्या होत्या, त्यांची मी टोपी काढून विचारपूस केली, वाऱ्याबद्दल चार शब्द बोललो. त्या काही बोलेनात. शेवटी श्रीमती पर्व्हिस म्हणाल्या, "मिस्टर केर्ड, ते इस्त्रीसाठी काढून ठेवलेले पडदे आहेत." (खोलीत उजेडच नव्हता.) तरी त्यांनी खोल्या दिल्या. इतका अदबीचा माणूस बऱ्याच दिवसांत आला नव्हता म्हणे.

आता मुद्द्याचं. आम्ही खेळतो तो जुना, जोडीचा खेळ. दोघांत एक चेंडू, एक फटका याचा, पुढचा त्याचा. चार माणसं नसली की खेळ नाही. आमचा चौथा गडी ॲलेक कॅनडाला मुलीकडे गेला तो गेलाच. पुढच्या शनिवारपर्यंत चौथं नाव कळवलं नाही, तर आमच्या वेळा दुसऱ्यांना जातील. टेंपलटन म्हणाले, गॅविनला विचारा. डूगल म्हणाला, "विचार की. फार तर नाही म्हणेल. ते तर तो सहा वर्षं म्हणतोच आहे."

तुम्ही विसरला असाल, मी विसरलेलो नाही. क्लबाच्या चषकाचा दिवस होता. चौदाव्या होलला मी माझे फटके पाच सांगितले. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "सहा. वाळूतला एक मोजायचा राहिला." त्यावर मी तुम्हाला चहाडखोर म्हणालो, आणखीही काही म्हणालो, जे टेंपलटननी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेव्हापासून तुम्ही आमच्या घराची पायरी चढला नाहीत. एफी दर ख्रिसमसला तुमचं ताट मांडते आणि जेवणं झाली की तसंच उचलते. मला त्याचं वाईट वाटतं. ते पाचच होते, हे माझं म्हणणं कायम आहे. तरी मोठ्या मनानं यावं. डूगलच्या जोडीला खेळा, म्हणजे आपल्याला एकमेकांशी बोलावं लागणार नाही.

आपला,
वॉल्टर केर्ड

ता. क. सहाच होते.

आणखी एक. अहो-जाहो पुरे, मला ते झेपत नाही. गॅविन, माझे डोळे चालले आहेत. नजरेच्या मधोमध डाग आहे. पायाशी असलेला चेंडू मान वाकडी केली की कडेनं दिसतो. मारल्यावर कुठं जातो ते कळत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या उन्हाळ्यात पायाशीही दिसायचा नाही. मला भीती वाटते. डूगलबरोबर नको, माझ्या जोडीला खेळ. मी मारीन, तू बघ.

आणखी एक, आणि मग पाकीट बंद करतो. हल्ली सगळे माझ्याशी फार चांगलं वागतात. परवा मी मारला, टेंपलटन म्हणाले, "सुरेख, अगदी मधोमध." आम्ही मधोमध चालत गेलो. तिथं डूगलनं खिशातला दुसरा चेंडू गवतावर हळूच टाकला. मला आवाज येतो रे. मला माझा चेंडू हवा आहे, काट्यात गेला असेल तर काट्यातला. तो कुठं पडला ते तोंडावर सांगणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला, आणि त्याच्याशी मी सहा वर्षं बोललो नाही. शनिवारच्या आत कळव.