कोटा वेळेवर येतो

३ ऑगस्ट, संध्याकाळी
यशवती माहेरी गेली. म्हणजे तळ्यापलीकडे, भावाकडे. कारण काय, तर स्वयंपाकघराची मागची भिंत! कुडाची आहे, खालून सुटलीय, हत्ती आत येईल म्हणे. मी म्हटलं, कोटा माझ्या घराला धक्का लावणार नाही. ती म्हणाली, अहो, तो हत्ती आहे, तुमचा जावई नाही. भिंत झाली की बोलवा.
तीन दिवसांत परत येते की नाही बघा.

४ ऑगस्ट
रिटायर झालो तरी टाइमकीपर तो टाइमकीपर. स्टँडवर बसगाड्यांना शिस्त लावली, इथे या आखूड शेपटीच्या रानहत्तीला. दिवसभर रानात सावलीला उभ्याउभ्या पेंगतो. ऊन उतरलं की अंगावर धूळ उडवत निघतो. मी पुढच्या अंगणात खुर्ची टाकून शिट्टी वाजवतो, तो कान हलवतो. तो सलाम. मग घरामागे वळतो, तिथून तळ्यावर. एक दिवस लेट नाही.
गावातले रानात शिरताना हत्ती आडवा येऊ नये म्हणून देवाच्या नावाने झाडाला डहाळी अडकवतात. मला गरज नाही. शिट्टी पुरते.
भिंत उद्या.

५ ऑगस्ट
आज कोटा घरामागे गेला आणि लगेच पुढे परत आला. असं कधी करत नाही. माझ्याकडे बघत उभा राहिला. माझं दुःख कळलं त्याला. डोळे भरून आले माझे.
चहाच्या दुकानात सांगितलं. पियतिस्स म्हणाला, साहेब, हत्तीचं राहू द्या, जेवलात का? आगाऊ माणूस. (नव्हतो जेवलो. त्याच्याकडेच नारळाची रोटी खाल्ली.)
भिंतीसाठी माती आणणार होतो. पाठीत उसण भरली.

७ ऑगस्ट
कोटा आला नाही. शिट्टी फुंकून गाल दुखले. पोट बिघडलं असेल त्याचं.
यशवतीही नाही.

९ ऑगस्ट, पहाटे
विश्वासघात! भिंत पाडली. माझ्या कोटाने! मिठाचं मडकं फोडून चाटून पुसून साफ केलं, तांदूळ संपवले. मी शिट्टी वाजवली, तर पाठ फिरवून लीद टाकली. मेल्या, रोज खुर्ची टाकून तुझी वाट बघितली ती ह्यासाठी?
आता तरी यशवतीला दया येईल.

११ ऑगस्ट
मेव्हणा आला, हीनबंडा. वाटलं, निरोप आणला. म्हणाला, दाजी, ताईने ते काळं घमेलं मागितलंय. कोटाला मिठाची पेज घालायला. परवापासून रोज संध्याकाळी आमच्या मागच्या दारी येतो.
मी म्हटलं, तो तिथे कशाला येईल?
म्हणाला, अहो दाजी, इथे पण ताईच घालायची की, घरामागे. तुम्ही पुढे शिट्टी फुंकत बसायचात. खरंच माहीत नव्हतं?
म्हटलं, माहीत होतं.
रात्री जेवण गेलं नाही. दोघंही एकमेकांना सामील. माझ्याच घरात!

१२ ऑगस्ट
घमेलं घेऊन मीच गेलो. जाताना झाडाला डहाळी अडकवली. कोटाची भीती नव्हती.
यशवती पेज ओतत होती. मी म्हटलं, दोघांनी मिळून फसवलंत मला. ती म्हणाली, भिंत? म्हटलं, उद्या सकाळी सुरू. मग झाली की येईन म्हणाली, आणि ती शिट्टी इकडे द्या. बिचकतो तो. पेजेसाठी इतके दिवस सोसली बिचाऱ्याने.
दिली.
कोटाने वर बघितलंसुद्धा नाही.
घरी आल्यावर लक्षात आलं, माती वाहायला घमेलं लागणार. ते तिकडेच राहिलं.