बुंदीले घेऊन भंडाऱ्याले चाललो

तृप्ती,

काचेची पेटी रिकामी पाहून बोंबलू नको. तुही ठिपक्याची पाल बुंदी पळाली नाही, अन् ही माही गंमतही नाही. तुह्या आईची शपथ! बुंदीले घेऊन मी भंडाऱ्याच्या जनावराच्या डॉक्टरकडं चाललो. तुहा पेपर चालू आहे, म्हणून फोन नाही केला.

झालं असं. गरम मॅट पेटीखाली डावीकडं आहे, म्हणून बुंदी डाव्या मडक्यात झोपते. मी मॅट उजवीकडं सरकवली. म्हटलं, बुंदी तिकडं जाईन, अन् तू डाव्या मडक्यात हात घातला का माही रबराची पाल हाती लागन! एकटाच हसून राहिलो होतो. पण तापमान मोजाची वायर डावीकडंच राहिली. तिथं थंड लागे, म्हणून तापमान सांभाळणारं मशीन मॅट बंदच करेना. दुपारी पाहिलं तं बुंदीचं पोट लालभडक, अन् हालेचना.

मॅटसंग वायरही सरकवा लागते, हे तू दहा खेपा सांगतलं होतं.

हे वाचलं का साकोलीच्या स्टँडवरून मिळन त्या बसनं भंडाऱ्याले ये.

डॉक्टरनं फोनवर विचारलं, "किती वेळ चटका बसला?" मी म्हटलं, पंधरा मिनिटं. पाच घंटे झाले होते, पोरी. डॉक्टरले जाऊन खरं सांगतोच, पण पहिले तुले सांगतो.

बाबा