माफीचा मसुदा

४ जून

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू वहिनीला म्हणाला असशील, बारकीचं काहीतरी काम निघालं. निघालंय खरं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. मला 'कारणे दाखवा' नोटीस आली आहे. चोवीस वर्षं या वाचनालयात काढली, साधा उशिराचा शेरा नाही, आणि निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना हे.

झालं असं. आमच्या व्यवस्थापन मंडळाने नवा नियम आणायचं ठरवलंय. राहत्या पत्त्याचं ओळखपत्र दाखवल्याशिवाय कुणालाही वाचनकक्षात बसता येणार नाही. का, तर 'नको ते लोक' पंख्याखाली येऊन बसतात. मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, नाव आणि हुद्दा घालून. जो येऊन मुकाट्याने वाचतो तो वाचक, त्याला घर आहे की नाही हे विचारणारे आपण कोण, एवढंच. ते छापून आलं. अध्यक्ष म्हणतात, कर्मचाऱ्याला जाहीर मत असता कामा नये. १८ तारखेच्या बैठकीआधी लेखी माफी मागा, नाहीतर बैठकीत येऊन उत्तर द्या. नियमही त्याच दिवशी मंजुरीला येणार आहे. मंडळातले दोघे मला हळूच सांगून गेले की तुम्ही ठाम राहिलात तर आम्हीही विरोधात बोलू.

शाळेच्या दाखल्यापासून आपल्या घरातला प्रत्येक अर्ज तूच लिहिलास, तेव्हा या उत्तराचा मसुदाही तूच कर. माफी नको, उत्तर हवं.

वहिनीला नमस्कार. चिडलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
बारकी

७ जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वयाची पंचावन्नी उलटली, तरी उचलली जीभ लावली टाळ्याला. बरं, तोंडाने बोललीस तर नाकबूल होता येतं. छापील अक्षराला कसं नाकारणार? मी एक्केचाळीस वर्षं कचेरीत काढली, हजारो कागद लिहिले, पण माझं मत काय हे एकाही साहेबाला कळलं नाही. म्हणूनच सगळे मला चांगला म्हणत.

शिवाय मला तो नियम पटतो. आमच्या इथल्या बागेत संध्याकाळी बाकावर बसायची सोय राहिलेली नाही, प्रत्येक बाकावर कुणीतरी गाठोडं उशाला घेऊन आडवा. ज्याला काही लपवायचं नाही त्याने कागद दाखवायला का घाबरावं? चौकात कॅमेरे बसवले तेव्हाही लोकांनी असाच गहजब केला होता. मग त्याच कॅमेऱ्यात सायकलचोर सापडला. तुझी वहिनी म्हणते, त्या चोराकडे ओळखपत्र होतं. तिला मुद्दा सोडून बोलायची सवय आहे.

आजकाल जो तो हक्क सांगतो आणि शिस्तीचं नाव काढलं की नाक मुरडतो. ते असो. सोबत माफीचा मसुदा जोडला आहे. 'अनवधानाने' हा शब्द दोनदा घातलाय, तो फार उपयोगी असतो. सही करून पाठव आणि झोप. माझ्या मसुद्याने आजवर एकाचीही नोकरी गेलेली नाही.

तब्येतीला जप. शहाणपण पाठवता येत नाही, आशीर्वाद पाठवतो.

तुझा,
दादा

१० जून

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

मसुदा परत पाठवते आहे. त्यात वरची तारीख तेवढी खरी आहे. अनवधानाने मी काहीच लिहिलं नाही रे. चार दिवस विचार करून, तीनदा खोडून लिहिलं.

तू बागेतले बाक मोजतोस, मग माझ्या वाचनकक्षातली एक खुर्चीही बघ. खिडकीजवळच्या खुर्चीत रोज एक गृहस्थ येऊन बसतात. भर उन्हाळ्यातही अंगात कोट, म्हणून आम्ही त्यांना कोटवाले म्हणतो. आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आमच्या दारावरची 'शांतता राखा' ही पाटी त्यांच्याच हातची. त्यांची खोली रस्ता रुंदीकरणात गेली आणि पत्ता संपला. दहाला येतात, सगळी वर्तमानपत्रं वाचतात आणि इतरांनी विस्कटून टाकलेली पानंही जुळवून, घडी घालून ठेवतात. माझ्या पगारी शिपायाला ते जमत नाही. माझं पत्र छापून आलं त्या दिवशी ते टेबलाशी येऊन म्हणाले, आमच्याबद्दल कुणी 'वाचक' हा शब्द वापरला, फार दिवसांनी. त्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नाही दादा, दाखवण्यासारखंही काही नाही. तुझ्या नियमात असा माणूस कुठे बसतो ते सांग.

उत्तर मी माझं मीच लिहीन आणि १८ला हातात घेऊन जाईन. नोकरी गेली तर गेली असं मी म्हणत नाही, फार भीती वाटते. पण हे एवढं मला माझ्या तोंडाने बोलू दे.

वहिनीला सांग, सायकलचोराचा मुद्दा बिनतोड होता. भांडणाइतकाच जिव्हाळाही राहू दे.

तुझी,
बारकी

१६ जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

आता रागावू नकोस. काम झालं आहे.

तुझं पत्र वाचलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आपले बाबा गेले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तेव्हापासून तुझ्या प्रगतिपुस्तकावर माझी सही आहे. भीती वाटते असं लिहितेस आणि वर विहिरीत उडी मारतेस, मग काठावरच्या माणसाने काय करायचं? मी मसुदा स्वच्छ टंकून घेतला, खाली तुझं नाव घातलं आणि नावापुढे 'करिता' लिहून माझी सही केली. ही खोटी सही नव्हे. साहेब दौऱ्यावर असले की त्यांच्या करिता आम्ही अशाच सह्या करत आलो, कचेऱ्या त्यावरच चालतात. १३ तारखेला पाकीट रवाना केलं, पोचपावतीही आली.

तुझं मत तुझ्यापाशी ठेव, ते कुणी मागत नाही. तीन वर्षं सुखाने काढ. पुढे मला दुवा देशील.

वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलत नाही, कारण सांगत नाही. आपुलकी आहे म्हणूनच हा उपद्व्याप केला, हे विसरू नये.

तुझा,
दादा

२१ जून

दादा,

नमस्कार वगैरे आज लिहवत नाही.

१८ला मी मंडळाच्या खोलीबाहेरच्या लाकडी बाकावर अडीच तास बसले होते. हातात साडेचार पानी उत्तर. आतून मला बोलावलंच नाही. शेवटी दार उघडलं आणि अध्यक्ष हसत बाहेर आले. म्हणाले, तुम्ही समजूतदारपणा दाखवलात, बरं झालं. मला वाटलं थट्टा करतायत. मग कारकुनाने तुझं माफीपत्र दाखवलं. आत ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं. ते ऐकून ते दोघेही गप्प बसले, आणि का बसू नयेत, जिच्या भरवशावर बोलायचं तीच शेपूट घालून मोकळी. नियम एकमताने मंजूर. तू मला लिहिलेलं १६ तारखेचं पत्र इथे २० तारखेला मिळालं.

त्या 'करिता'कडे कुणी बघितलंही नाही. पत्राची नक्कल पुन्हा टंकून जिन्यातल्या फलकावर लावली आहे, इतर कर्मचाऱ्यांना धडा म्हणून. त्याखाली फक्त माझं नाव आहे.

मी अध्यक्षांच्या खोलीत जाऊन सांगितलं की हे मी लिहिलेलं नाही. ते शांतपणे म्हणाले, मग कुणीतरी खोटा कागद दाखल केला म्हणायचं, त्या माणसावर फिर्याद करावी लागेल, नाव सांगा. मी नाव सांगितलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं.

मी नऊ वर्षांची नाही रे. तू स्वतः ये आणि त्यांच्यासमोर सांग की हे पत्र तुझं होतं. एक तारखेपासून दारात टेबल टाकून ओळखपत्रं बघायचं काम मला दिलंय. त्याआधी ये.

बारकी

२८ जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

मी येऊन गेलो. परवा सकाळच्या बसने आलो, दहाला मंडळाच्या कचेरीत होतो. तुझ्या घरी आलो नाही, का ते खाली लिहितो.

तिथल्या कारकुनाला म्हटलं, एक पत्र मागे घ्यायचंय. पोरगा वागायला नीट होता. म्हणाला, आवक नोंद झाली, निर्णय झाला, आता मागे घेता येत नाही. पण तुम्हाला काही म्हणायचं असेल तर लेखी द्या, फाइलला लावतो. त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. त्याने कोरा कागद पुढे केला.

बारके, मी तासभर बसलो. चारदा लिहिलं आणि चारदा फाडलं. 'उपरोक्त पत्रासंदर्भात' इथपर्यंत हात सरसर चालायचा. पुढे 'मी' लिहायचं होतं. 'मी लिहिलं, मी सही केली.' एक्केचाळीस वर्षांत कुठल्याही कागदावर मी तसं लिहिलेलं नाही. फिर्यादीचं मनात आलं. शेजारीपाजारी काय म्हणतील तेही आलं. कागद तसाच ठेवून उठलो आणि परतीची बस धरली. तुला तोंड कसं दाखवणार होतो?

नियमाबद्दल माझं मत अजून तेच आहे, खोटं कशाला सांगू. पण माझं मत मी तुझ्या तोंडात घातलं, ते चुकलं. हे तुला लिहिता येतं, त्यांना येत नाही. आता हा विषय सोडून देता येईल का? तीनच वर्षं.

हक्काने मागण्यासारखं काही उरलं नाही, तरी लोभ मागतो.

तुझा,
दादा

२ जुलै

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू येऊन गेलास हे वाचून आधी राग आला आणि मग रडू आलं. जेवायला तरी यायचं होतंस.

काल पहिला दिवस. दारात टेबल, टेबलावर नोंदवही आणि मी. दहाला कोटवाले जिना चढून वर आले. फलकापाशी थांबले. ते सगळं वाचतात, हेही वाचलं. मग टेबलाशी आले, पण खिशाकडे हात नेला नाही की आत बघितलं नाही. म्हणाले, ताई, तुमच्यावर आमच्यामुळे हा प्रसंग आला, मला वाईट वाटतं. मी म्हटलं, ते पत्र मी लिहिलेलं नाही. तेव्हा ते हसले, अगदी मायेने. म्हणाले, असू द्या, नोकरी जपावीच लागते, आम्ही काही मनात ठेवत नाही. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा मान डोलावली, लहान मुलाचं खोटं ऐकून घ्यावं तशी. आणि मला विचारावं लागू नये म्हणून स्वतःच जिना उतरून गेले.

दादा, तू लिहिलेल्या माफीबद्दल त्या माणसाने मला माफ केलं. मला ती माफी घ्यावी लागली. आज ते आले नाहीत.

आता विषय सोडता येणार नाही. सोबत एक मसुदा पाठवते आहे, या घरातला मी केलेला पहिलाच. तीन ओळींचा आहे. त्यात 'मी' तीनदा आहे आणि ते तूच आहेस. तुझ्या अक्षरात उतरवून, सही करून सोमवारच्या आत मंडळाला आणि वर्तमानपत्राला पाठव. नाही पाठवलंस तर सोमवारी मी स्वतः जाऊन तुझं नाव सांगणार आहे. फिर्याद झाली तर तुझ्याशेजारी मी उभी राहीन, नोकरी असो वा नसो. पण नाव सांगणार.

वहिनीला हे पत्र वाचून दाखव. माझी माया आहे तशीच आहे, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

तुझी,
बारकी