घासाची उलटी वाट

प्रिय ठमे,

या नावानं हाक मारलेली तुला आवडत नाही, ठाऊक आहे. पण माझ्या तोंडी तेच बसलंय. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. नऊ वर्षं गिळून बसलोय, आता तरी ती बाहेर यायला हवी.

आधी शाळेचं सांगतो. यंदा माझ्या वर्गात एकोणीस मुलं आहेत; चार बोलघेवडी, बाकीची त्यांची री ओढणारी. अरबी वाचन अजून माझ्याच पद्धतीनं शिकवतो, घासाचं बोट धरून. ‘लुक्मा’ म्हणजे घास, त्यात मीम हे अक्षर मधे येतं. ‘फम’ म्हणजे तोंड, तिथे ते शेवटी. ‘मइदा’ म्हणजे जठर, तिथे सगळ्यांच्या पुढे. मुलं सफरचंदाची फोड मोजून बत्तीस वेळा चावतात, मग गळ्यावरून पोटापर्यंत बोट नेत एकेक शब्द वाचतात. शेजारच्या वर्गाच्या बाई विचारतात, भाषा आणि विज्ञान एकाच ताटात कशाला वाढता? मी म्हणतो, पोटात गेल्यावर सगळं एकच होतं. त्या हसत नाहीत.

तुझी चित्रपट्टी माझ्या कपाटात आहे. आठ चौकोन, तोंडापासून आतड्यांपर्यंत. तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस आणि तीन रविवार जमिनीवर पालथी पडून ती रंगवत होतीस. जठर रंगवायला कुठला रंग घेऊ, म्हणून तुझ्या आईला भंडावून सोडलं होतंस. आई गेल्यानंतर एकदा मी पट्टी उघडली, तर कडेला तिच्या चहाच्या कपाचा गोल डाग होता. तो मी पुसलेला नाही.

पालकांना वर्ग दाखवायचा दिवस तुला आठवत असेलच. मुख्याध्यापिका पुढच्या बाकावर, मागे पालक, भिंतीवर तुझी पट्टी आणि तिच्या शेजारी तू. मी वाचायला सांगितलं. अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून मुलांनी शिकवल्याप्रमाणे उजवीकडून सुरुवात केली, आणि घास आतड्यांतून निघून जठरात, जठरातून गळ्यात, गळ्यातून तोंडात आला. पहिल्या रांगेतली मुलगी काळजीनं म्हणाली, “सर, ह्याला उलटी होतेय.” सगळा वर्ग हसला, पालकही हसले. मी तुझ्याकडे वळलो आणि चारचौघांत म्हणालो, “अरबीच्या मास्तरची पोर ना तू? डावं-उजवं कळत नाही तर ब्रश हातात धरू नये.”

तू पट्टी गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवलीस आणि घरी येऊन रंगांचा डबा माळ्यावर टाकलास. पुढे कागदाला रंग लावला नाहीस. नोकरीसाठी लांब गेलीस, दर रविवारी फोन करतेस, माझी औषधं आणि तिकडचं ऊन यांची चौकशी होते. मुलीची माया आहे, पण आपण दोघं एकमेकांशी जपून बोलतो.

आता ती गोष्ट. पालक येऊन गेले त्याच संध्याकाळी शाळेत एकटाच बसून मी पट्टी उलगडली. चौकोनांच्या कोपऱ्यांत रंगाखालून पेन्सिलीचे एक ते आठ आकडे दिसत होते. ते माझ्या हातचे होते. तुला कागद आखून देताना आयुष्यभराच्या मराठी सवयीनं मी आकडे डावीकडून घातले, आणि वर्गात पट्टी उजवीकडून वाचली जाईल, एवढाही विचार केला नाही. तू आकड्यांप्रमाणे रंगवलंस. चूक माझी होती, तुझी नव्हती. घरी येऊन सांगता आलं असतं. आलो तेव्हा तू जेवायला वाढत होतीस, आणि मी मान खाली घालून जेवलो.

आज लिहायचं कारण असं. डॉक्टरांनी माझ्या जठराचं चित्र एका कागदावर काढलं आणि कुठून किती कापायचं ते रेघ मारून दाखवलं. मंगळवारी ऑपरेशन आहे. बरा होईन असं ते म्हणतात, पण कबुली शुद्धीत असतानाच दिलेली बरी. ठमे, मला माफ कर. जमलं तर सोमवारी ये, आणि माळ्यावरचा डबा खाली काढ. वर्गाला नवी पट्टी हवी आहे. या खेपेला आकडे तूच घाल, मी फक्त कागद धरतो.

तुझाच,
चुकलेला बाबा