तालमीतला सुपरवायझर

दादा,

हे पत्र तुझ्या हाती देणार नाही, म्हणून खरं लिहिते.

प्रार्थना संपली की आम्ही हॉटेलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीतल्या बायका तिथेच खुर्च्या गोल मांडतो आणि रंगावरून पगार कमी मिळतो ही तक्रार घेऊन हॉटेलमालकाला भेटायची तालीम करतो. एकीने सुपरवायझर व्हायचं. काल धर्मगुरूंनी त्यासाठी मला उभं केलं. मी सरळ तुझंच वाक्य बोलून गेले, "काळे चेहरे तळघरातच बरे. काउंटरवर उभे केले तर गिऱ्हाईक बिचकतं. पगारही त्याच हिशोबाने."

धर्मगुरूंनी विचारलं, "हे कुठे ऐकलंस?"

"मनाचंच," म्हटलं मी. प्रार्थनेच्या जागेत खोटं बोलले.

तू परवा घरी जेवताना हसत हे म्हणाला होतास. वहिनीने मान खाली घातली. आपला रंग एकच आहे रे, पण सुपरवायझरचा कोट चढवलास की तुझ्या लक्षात राहत नाही.

उद्या सकाळी दहाच्या भेटीत मालक पुरावा मागेल. असं कोण म्हणालं, विचारेल. तू त्याच्या शेजारीच बसलेला असशील.

काल तुझं वाक्य बोलताना मी तुझ्यासारखीच हसले, दादा. कुणी शिकवलं नव्हतं.

उद्या न हसता सांगेन.

तुझ्याच ताटात जेवून वाढलेली,
धाकटी