हाजींच्या जोंधळ्यातली पाखरं

आई, परवा इथंच, बहरीनमधल्या जनाबियाला गेलो होतो. सुनेच्या मैत्रिणीकडं पुरणपोळ्यांचा डबा पोचवायचा होता. गाडी लावली आणि डबा हातात घेऊन रस्त्यातच उभा राहिलो. हाजींचं शेत इथंच कुठंतरी होतं, की त्या पलीकडच्या वळणावर, काही केल्या ठरेना. आता सगळीकडं पांढऱ्या भिंती, भिंतींआड व्हिला, दारात दोन-दोन गाड्या. सून म्हणाली, "पप्पा, काय शोधताय?" काय सांगणार तिला? म्हटलं, काही नाही, पाय मोकळे करतोय. ती मुंबईची पोर, तिला जोंधळा म्हटलेलं कळत नाही, ज्वारी म्हणावं लागतं. घरी आलो तो हे लिहायलाच बसलो.

गुदैबियातली आपली ती दोन खोल्यांची जागा तुला आठवते का गं? आजी गेल्यावर आबांनी तुला इकडं बोलावून घेतलं आणि रान चुलत्याला वाट्यानं लावून दिलं. आबांना वाटलं, जन्मभर बाईनं उन्हातान्हात कष्ट केले, आता जरा पंख्याखाली बसू दे. तू बसलीस. पहिले दोन महिने हौसेनं बसलीस. मग तुझं बोलणंच आटलं. सकाळी आठाला स्वयंपाक उरकायचा आणि दिवसभर खिडकीत, खालच्या केरळी हॉटेलातली माणसं परोठे थापताना बघत राहायचं. जेवण निम्म्यावर आलं. हॉस्पिटलात दाखवलं, रक्त तपासलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या सगळं नॉर्मल आहे. तू जिना उतरताना मला म्हणालीस, "मला काय बी झालं न्हाई. हातास्नी काम न्हाई, दुसरं काय!" आबा रोज म्हणायचे, असंच चाललं तर हिला गावी धाडावी लागणार. आणि तुला गावी जायचं नव्हतं. वीस वर्षं नवरा दोन वर्षांतनं एकदा बघितलेला. आता कुठं त्याच्या ताटाशेजारी तुझं ताट लागत होतं. तुला माती पण पाहिजे होती आणि माणूस पण पाहिजे होता, आणि बहरीनमध्ये दोन्ही कुठनं आणायचं ते आम्हाला सुचत नव्हतं.

मी तेव्हा तेवीस-चोवीसचा. कंपनीच्या स्टोअरमध्ये नुकताच हेल्परचा क्लार्क झालो होतो आणि अंगात वारं भरलं होतं. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. दोस्त दोनच. एक वसईचा, हॉटेलात रिसेप्शनला होता. दुसरा रत्नागिरीकडचा ड्रायव्हर, अरबी अशी बोलायचा की दुकानदार त्याला घरचाच समजायचे. हाजी, ते जनाबियातले बहरीनी शेतकरी, त्याच्याच ओळखीचे. त्यांच्या शेतात चिमण्यांनी आणि होल्यांनी उच्छाद मांडला होता. छर्‍याच्या दोन बंदुका घरात होत्या, पण म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, गुरुवार-शुक्रवार दोस्तांना घेऊन ये, पाखरं मारा, शेतावरच राहा, खा. आम्हाला काय, सुट्टीला बंदूक हातात मिळतेय म्हटल्यावर आम्ही उड्याच मारल्या. घरी सांगितलं तर आबा म्हणाले, "हिला बी घिऊन जा. जरा हवा लागंल." माझं तोंड एवढंसं झालं. दोस्तांच्यात आईला घेऊन जायचं म्हणजे काय! पण आबांपुढं बोलायची माझी टाप नव्हती.

ते सगळं आता मला झोपेत बघितल्यासारखं आठवतं, मधले तुकडे गळालेले आणि उजेड मात्र लख्ख. नोव्हेंबर सरत आलेला आहे. खजुरीच्या रांगांच्या पलीकडं समुद्र आहे, समुद्रात सौदीकडं जाणाऱ्या पुलाचे खांब नुकते उभे राहतायत. पिकअप थांबते. तू उतरतेस आणि थेट बांधाशी जाऊन चपला काढतेस. आत शिरतेस. एक कणीस हातात धरतेस, चार दाणे तळहातावर चोळतेस, फुंकर मारतेस, तोंडात टाकतेस. मग ओरडतेस, "आरं, जोंधळा हाय ह्यो!" हाजी गायींच्या वैरणीसाठी पेरायचे आणि बियाण्यापुरता तुकडा कणसं भरेपर्यंत राखून ठेवायचे. त्या तुकड्यावरच पाखरं तुटून पडली होती. एवढं सगळं ड्रायव्हर तुला समजावून सांगत होता आणि तुझं लक्षच नव्हतं. तू कणसावरनं हात फिरवत होतीस आणि तुझे डोळे भरले होते. वसईवाल्यानं ते बघितलं, मला कोपरानं ढोसलं, आणि मी दुसरीकडं बघायला लागलो.

त्या दुपारी आम्ही अंधार पडेपर्यंत नुसते छर्रे उडवले. सात होले पडले, काही चिमण्या पडल्या, आणि वसईवाल्याच्या नेमानं हाजींच्या प्लास्टिकच्या बादलीला भोक पडलं. थवाच्या थवा उठायचा, शेताला एक वळसा घालायचा आणि आमच्या डोक्यावरनं परत त्याच कणसांवर येऊन बसायचा. तू पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर बसून बघत होतीस आणि पदर तोंडाला लावून हसत होतीस. किती महिन्यांनी हसत होतीस गं! शेवटी तुला राहवेना. "आरं, ही राखन म्हनायची व्हय? पाखरं मारून सरत्यात का कुटं? मेल्याल्याला काय कळतंय? जित्या पाखराला कळाया पायजे, हितं कुनीतरी हाय म्हनून." वसईवाला म्हणाला, "आंटी, मग तुम्हीच दाखवा ना!" तू उठलीस, हाजींच्या पेंढ्या बांधायच्या दोरीचं एक बंडल मागून घेतलंस, आणि मांडीवर पीळ देत बसलीस. मधे तळहाताएवढी जाळी विणलीस, एका टोकाला बोटात अडकवायला फास केलास. पाटातली चिकट माती घेऊन लिंबाएवढे गोळे वळलेस आणि ओळीनं वाळत घातलेस. तोंडानं काहीतरी गुणगुणत होतीस. मला ते ऐकू येऊ नये असं वाटत होतं, कारण दोस्तांनाही ऐकू येत होतं.

शुक्रवारी सकाळी जाग आली ती तुझ्या हाळीनं. "हाऽऽ होऽऽ! हाऽऽ हो!" मी झोपडीबाहेर आलो तर धुकं असं दाट की खजुरीची फक्त खोडं दिसतायत, शेंडे नाहीत. समुद्र नाही, पूल नाही. कुठं आहोत तेच कळेना, आपल्या रानात की इथं. आणि त्या पांढऱ्यात हौदाच्या कठड्यावर तू उभी. काष्टा खोचलेला, गोफण डोक्यावर गरगरतेय. गोफणीचा फटकारा झाला की अख्ख्या शेतातनं एकदम फडफड उठायची, आणि मग सगळं चिडीचूप. गोळा तू पाखरांवर टाकतच नव्हतीस, त्यांच्या पुढ्यात टाकत होतीस. ऊन वर येईपर्यंत शेतात एक पाखरू नव्हतं. त्यानंतर तू कोवळी कणसं निवडून शेणकुटांच्या आरावर भाजलीस, गरम गरम चोळून आम्हा सगळ्यांच्या हातावर हुरडा ठेवलास, हाजींच्याही. हाजींनी एक घास खाल्ला, मग हात पुढं करून परत मागितला. "गाईचा घास आम्हाला चारते ही," ते हसत म्हणाले. आमच्या बंदुका भिंतीला टेकून पडल्या होत्या. ड्रायव्हर म्हणाला, "काकी, आमचा धंदा बसवलात की तुम्ही!"

निघताना हाजी माझ्याजवळ आले. तू पाटावर पाय धूत होतीस. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि सावकाश, मला कळेल अशी अरबी बोलले. तुझ्या आईला विचार, म्हणाले, रोज येईल का? सकाळी माझी गाडी आणेल, दुपारी पोचवेल. जोंधळा निघेपर्यंत राखण करू दे, पुढं भाजीची पेरणी आहे. तो विहिरीकडचा कोपरा तिचा, त्यात तिला हवं ते लावू दे. माझ्या घरातल्या बायका आहेत, एकटी पडणार नाही. बाईला मातीचं कळतं, म्हणाले. तू पाय धुवून आलीस आणि माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिलीस. "काय म्हनत्यात रं?"

मी म्हणालो, "थँक्यू म्हणतायत. हुरडा आवडला म्हणतायत."

आणि हाजींना म्हणालो, "मफी फायदा, हाजी, काही उपयोग नाही. ती पुढच्या महिन्यात गावी चाललीये." हाजींनी मान हलवली, तुझ्याकडं बघून पुन्हा छातीवर हात ठेवला. तूही हात जोडलेस. ड्रायव्हरला शब्दन् शब्द कळला होता. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि पिकअप सुरू केली.

वाटेत तू अखंड बोलत होतीस. इथली माती खारट आहे पण शेणखत घातलं तर मेथी येईल, पाटाला उतार कमी आहे, कायबाय. त्या रात्री दोन भाकरी जेवलीस. पुढं तीन आठवडे विचारत होतीस, "परत कवा जायाचं रं पाखरं हाकायला?" मी म्हणायचो ड्यूटी आहे, गाडी नाही, हाजी आजारी आहेत. एकदा तर सांगितलं, जोंधळा काढला. मग तू विचारायचं सोडलंस, आणि खिडकीत बसायला लागलीस. फेब्रुवारीत आबा आणि मी तुला विमानतळावर सोडून आलो. येताना आबा टॅक्सीत नुसते बाहेर बघत होते. पुढची नऊ वर्षं परत तेच, दोन वर्षांतनं एकदा रजा.

मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं की आबांच्या इज्जतीसाठी तसं केलं. त्यांची बायको दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाते हे त्यांना खपलं नसतं, वगैरे. थापा सगळ्या! आबांनी तर तुला स्वतः पाठवलं असतं, वर डबा बांधून दिला असता. लाज मला वाटत होती, आई. काष्टा घालून हाळ्या देणारी बाई क्लार्कची आई आहे, हे स्टोअरमध्ये कळलं तर काय, एवढाच विचार होता. आणि वसईवाला तर पुढं कित्येक वर्षं ज्याला त्याला कौतुकानं सांगायचा की ह्याच्या आईसारखा नेम बहरीनमध्ये कुणाचा नाही. त्याला अभिमान वाटला आणि मला लाज, काय म्हणायचं ह्याला!

तू आम्हाला कायमची सोडून गेलीस, त्याच्या आदल्या वर्षी मी रजेवर गावी आलो होतो. चुलीपुढं बसून तू मला वाढत होतीस. कशावरनं तरी हाजींचा विषय निघाला. तू हसून म्हणालीस, "त्यो म्हातारा नुसता येकदा 'ये' म्हनला असता ना, तर मी ऱ्हायले आसते बघ तितं तुमच्यासंगट." आणि तव्यावरची भाकरी उलथलीस. तेव्हा सांगता आलं असतं. आबा पलीकडं पडवीत पान लावत होते, दोघांना एकदमच सांगता आलं असतं. मी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये. तू असतीस तरी तुला वाचता कुठं येत होतं? तेव्हा हेही मलाच तुझ्यासमोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तू माझ्या तोंडाकडं बघत ऐकत बसली असतीस. आणि खरं सांगतो आई, हाजी काय म्हणाले तिथपर्यंत आलो असतो ना, तर ते पान मी गुपचूप उलटलं असतं.